माझ्या रडण्याचा आवाज

आईचा आवाज मोठा होता. भांडखोर नव्हता, नुसता मोठा. धानाच्या बांधीच्या, म्हणजे शेताच्या, या टोकावर उभं राहून त्या टोकावरच्या बाईशी बोलायची सवय लागलेला आवाज घरात आल्यावरही लहान होत नसे. बाबा राईस मिलवर ऑपरेटर होते. दिवसभर मोटरच्या आणि पट्ट्याच्या घरघरीत राहून त्यांना थोडं कमी ऐकू यायचं, म्हणून त्यांच्याशीही चढ्या आवाजातच बोलावं लागे. आमच्या घरात कुजबुज हा प्रकारच नव्हता. आणि आईचं रागावणं तर सकाळी डोळा उघडल्यापासून सुरू. ती फक्त माणसांना रागवायची असं नाही. कोंबड्यांना, दादाच्या गाडीला, विजेच्या खांबाला, जो समोर येईल त्याला. सकाळी नळाला पाणी आलं की ती हंडा लावता लावता त्यालाच विचारायची, “आला का? साऱ्या गावाचं भरून झालं, आता आठवलं का आमचं घर? पावण्यासारखा येते न् पावण्यासारखाच जाते.” शेजारच्या बायका आपली धुणी थांबवून ऐकत. आम्हाला त्याचं काहीच वाटत नसे. पंखा सुरू असला की तो ऐकू येत नाही, तसं ते होतं.

भंडाऱ्याकडच्या करडीपासून जवळच आमचं गाव. दोन खोल्या, पुढे सपरी म्हणजे ओसरी, मागे अंगण आणि अंगणाच्या कोपऱ्यात तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा, ढीग. सपरीत बाजेवर आबाजी असत, म्हणजे बाबांचे वडील. त्यांचे दात कधीच गेले होते, त्यामुळे त्यांचा भात मी कालवायचे. लाखोळीच्या डाळीचं वरण, वर जरासं तेल, आणि बोटांनी इतका मऊ करायचा की चावायला काही उरू नये. मी जेवण भरवायला बसले की ते विचारत, “आज काय शिकवलं वो शाळेत?” मला रोज एक नवी गोष्ट सांगावी लागे. दुसऱ्या दिवशी ते रस्त्याने जाणाऱ्या येणाऱ्याला थांबवून ती सांगत, आणि हमखास चुकीची सांगत. “पृथ्वी गरगर फिरून राहिली म्हणते माही नात. म्हणून तं मले चक्कर येते. मी बेकार गोळ्या खाऊन राहिलो होतो.” माझं नाव प्रणाली, पण ते मला पनू म्हणत. घरात सगळ्यांनी ते नाव त्यांच्याकडूनच उचललं.

माझा मोठा भाऊ दीपक भंडाऱ्याहून पॉलिटेक्निक करून घरी आला तेव्हा मी आठवीतून नववीत गेले होते. तो नोकरीसाठी अर्ज करत होता. कुठून उत्तर येत नव्हतं. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत तो आईसोबत शेतात जाई, उरलेला वेळ फोन घेऊन अंगणात बसे. एका सकाळी आई एका कोंबडीला रागवत होती. कोंबडीने सुपातल्या तांदळात पाय घातला होता. आई तिला तिच्या आईवडिलांचे संस्कार, तिचं वय आणि तिच्या लेकरांपुढे ती ठेवत असलेला आदर्श याबद्दल बोलत होती. दादाने तणसाच्या ढिगाआडून ते फोनवर टिपलं आणि सहज इंटरनेटवर टाकलं. संध्याकाळपर्यंत ते कुठच्या कुठे गेलं होतं. पुण्या-मुंबईकडचे लोक आमची बोली ऐकून हसत होते, आणि नागपूरकडचे लिहीत होते की ही तर आमचीच माय. मोहाडीच्या बाजारात वांगे विकणाऱ्या बाईने आईला ओळखलं आणि सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी फुकट दिली. आईने घरी येऊन ती जुडी सगळ्यांना दाखवली. लाजली होती. पदर तोंडाला लावून म्हणाली, “बापा! कोंबडीले बोललं त्याचं एवढं?”

सुरुवात वाईट नव्हती, हे लिहायला हवं. ते पहिले महिने घरात खरोखर मजा होती. आईला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी म्हणत होतं की तू छान बोलतेस. दादाने आईच्याच नावाने चॅनल काढलं. काही महिन्यांनी त्यातून थोडे पैसे येऊ लागले, घरात कूलर आला. मग हळूहळू पद्धत बदलली. “आई, तेच पुन्हा एकदा म्हण ना. मघाशी मागून ट्रॅक्टर गेला.” आई पुन्हा म्हणे. पुन्हा म्हणताना तिचा हात कमरेवर जाऊ लागला, मान हलू लागली, शेवटचा शब्द लांबू लागला. आयते म्हणजे आमच्याकडचे तांदळाचे घावन, ते करायच्या दिवशी सगळ्यात मोठी पंचाईत. तांदळाचं पातळ पीठ तव्यावर ओतलं की जाळी पडते, कडा सुटतात, आणि तो त्याच क्षणी टमाटरच्या चटणीशी खायचा असतो. दादा म्हणे, “हात लावू नका, आधी शूट होऊ द्या.” शूट होईपर्यंत आयते गार होऊन चामड्यासारखे व्हायचे. बाबा एकदा मुकाट्याने तसला आयता चावत म्हणाले, “व्हिडिओतल्या आयत्यातून वाफ निघून राहिली होती म्हणते मिलवरचा सुखदेव. मले नाही दिसली.” त्यांनी तक्रार केली ती एवढीच. आबाजी मात्र फोन वर उचलला की घास तोंडात धरून त्याच्याकडे पाहत. विचारत, “त्याच्यातून कोण पाहून राहिलं?” दादा सांगे, सारे लोक. “सारे म्हणजे कोण?” दादा फोन आईकडे वळवी.

गणिताच्या चाचणीत मला फार कमी मार्क पडले, तो दिवस. मी पेपर चुलीजवळ आईच्या हातात दिला. ती रागावली, आणि खरं रागावली. कमरेवर हात नाही, लांबवलेला शब्द नाही. “तुह्यासाठी मी चिखलात उभी राहतो वो दिवसभर,” एवढंच म्हणाली आणि तोंड फिरवलं. मी रडले. माझं रडणं लहानपणापासून विचित्र होतं. आधी श्वास आत ओढला जाई, मग घशातून उचकीसारखा बारीक आवाज तीन-चारदा निघे, आणि मग एकदम मोठा सूर लागे. आबाजी म्हणत, पनूचं इंजिन आधी खोकलते मंग सुरू होते. त्या दिवशी दादा दारात उभा होता. मला तो दिसला नाही. दिसला असता तरी मला काही वाटलं नसतं, कारण तेव्हा तो आमच्या घरात नेहमी कुठेतरी फोन धरून उभाच असायचा.

दादाने चॅनलवर टाकलेला तो व्हिडिओ आईच्या सगळ्या व्हिडिओंच्या पुढे गेला. लोकांनी माझ्याकडे पाहिलं असं मी म्हणणार नाही, त्यांना मी नको होते. कुणीतरी त्यातून फक्त आवाज वेगळा काढला. मग तो आवाज कुत्र्याच्या पिल्लाच्या तोंडी बसला, मॅच हरलेल्या खेळाडूच्या तोंडी बसला, सासरी निघालेल्या नवरीच्या, पेट्रोलचा भाव पाहणाऱ्या माणसाच्या. माझ्या घशातल्या त्या उचक्या अशा लोकांच्या फोनमधून वाजत होत्या, ज्यांना मराठीही येत नव्हतं. एसटीत मागच्या सीटवर कुणीतरी काहीतरी पाहत असे आणि मला मीच ऐकू येई. आज सांगताना ही गंमत वाटू शकते. तेव्हा मला ते ऐकू आलं की मी ओढणी कानांवरून घट्ट गुंडाळून घेई.

शाळेत मी वर्गात पाय ठेवला की मुलं तो आवाज लावत. फोन आणायला बंदी होती, तर तोंडाने काढत. माझं नाव ‘रडकी पोट्टी’ पडलं. कार्यक्रमाला आलेल्या एका पाहुण्यांनी स्टेजवरून विचारलं, ती व्हिडिओवाली मुलगी याच शाळेतली ना, आणि सरांनी हसत मला उभं केलं. पाहुणे म्हणाले, “बेटा, दाखव बरं एकदा.” सगळा हॉल थांबला. मी उभी राहिले आणि मग बसले. सर म्हणाले, लाजली. त्यानंतर मी हात वर करून उत्तर देणं सोडलं, कारण मी तोंड उघडलं की आधीच खसखस पिके. डब्बा खायला मी बोअरवेलच्या मागे जाऊन बसायचे. आणि मी एक युक्ती शिकले. रडू आलं की जीभ टाळूला दाबून धरायची आणि श्वास अजिबात आत ओढायचा नाही. इंजिन खोकललंच नाही तर सुरू होत नाही. लवकरच मला ते इतकं जमू लागलं की जीभ दाबायचीही गरज उरली नाही.

दादाला मी सांगितलं होतं. त्याच अंगणात, तो आईच्या नव्या व्हिडिओला गाणं लावत असताना.

“दादा, तो माझा व्हिडिओ काढून टाक ना.”

“काहून? काय झालं?”

“पोट्टे चिडवून राहिले.”

“दोन दिवस चिडवतीन न् विसरतीन. तूच चिडू नको ना.” मग माझ्याकडे पाहून जरा नरम झाला. “आता मी काढला तरी काय होते पनू? साऱ्याईजवळ गेला तो. आपल्या हातात आहे का? आणि तू काही वंगाळ केलं का? रडलीच तं आहे. लहान लेकरं रडतच राहतात.”

“मी लहान लेकरू नाही.”

“पाहणाऱ्याईले का माहीत?” तो म्हणाला. हे तो दुष्टपणाने बोलला नाही. त्याला ते खरंच उत्तर वाटलं.

आता मला वाटतं, त्या दिवसांत माझ्यापेक्षा दादाची अवस्था वाईट होती. मला निदान कळत होतं की मला काय नको आहे. तो जेवताना एका हाताने फोन सरकवत असे, ताटात काय आहे ते त्याला माहीत नसे. आकडा वर गेला तर आईला मिठी मारी, खाली आला तर बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडून राही आणि आई विचारे, “काय चुकलं रे माह्यं? पुन्हा बोलू का?” नागपूरच्या एका कंपनीतून मुलाखतीचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, यावेळी नाही जमत, पोळ्याचा व्हिडिओ करायचा आहे. पुन्हा त्यांचा फोन आला नाही. आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. आईच्या व्हिडिओखाली लोक घाणेरडं लिहीत. तिच्या दातांवरून, लुगड्यावरून, आणि आमच्या भिंतीवरची निळी पताका दिसली की जातीवरून. दादा रोज पहाटे उठून ते सगळं वाचून काढून टाकायचा, आई फोन हातात घेण्याच्या आत. चोवीस वर्षांचा मुलगा रोज सकाळी रिकाम्या पोटी आपल्या आईला दिलेल्या शिव्या वाचत होता आणि त्यानंतर दिवसभर तिला हसवून बोलायला लावत होता. हे त्याने कुणाला सांगितलं नाही.

लवकर पिकणारा हलका धान कापायला आला होता त्या दिवसांत आबाजी गेले. सकाळी मी चहा घेऊन गेले, तर ते उठले नाहीत. चक्कर सोडली तर त्यांना काही आजार नव्हता. दुपारपर्यंत नातेवाईक जमले, विहारातले लोक आले, आजूबाजूच्या गावांतून माणसं आली. इतकी माणसं आमच्याकडे येतील असं आम्हाला वाटलं नव्हतं. त्यातली बरीच आम्ही ओळखतही नव्हतो. ती आमच्या दाराकडे, तणसाच्या ढिगाकडे, आईकडे असं पाहत होती जसं आधी पाहिलेली जागा पुन्हा पाहतात.

आईने सासऱ्याजवळ बसून रडायला सुरुवात केली. आमच्याकडे बायका बोलून रडतात, गेलेल्या माणसाला विचारत विचारत रडतात. “मामाजी, काहून न सांगता चालले हो? कालचा भात तं सारा खाल्ला, मंग मले काहून नाही सांगितलं? आता सपरीत कोणाले रागवू मी?” तिचं हे रडणं खरं होतं. पण आवाज तोच होता, साऱ्यांच्या ओळखीचा, आणि प्रश्न विचारायची तऱ्हाही तीच. मागे उभ्या असलेल्या मुलांपैकी कुणाला तरी हसू फुटलं. दाबलेलं, नाकातून निघालेलं. आईने ते ऐकलं. ती वाक्याच्या मधे थांबली. तोंड उघडंच राहिलं. तिने एकदा मागे वळून पाहिलं, मग पदर पूर्ण तोंडावर ओढला आणि त्यानंतर आबाजींना उचलेपर्यंत तिने एक शब्द काढला नाही.

मग मला पुढे आणलं. आत्या म्हणाली, “ये पनू, पाह्य शेवटचं.” मी बाजेजवळ गेले. आबाजींचं तोंड जरासं उघडं होतं, भात भरवताना असायचं तसं. माझा श्वास आत ओढला गेला. आणि मी डोळे वर केले तेव्हा समोर फोन होते. किती ते मी मोजले नाहीत. लोक हात वर करून उभे होते आणि सपरीसमोर एकदम शांतता झाली होती. ही शांतता कशाची ते मला कळलं. ते वाट पाहत होते. पहिल्या उचकीची. माझा श्वास तिथेच अडकला आणि विरून गेला. आत काही उरलं नाही. मी कोरड्या डोळ्यांनी आबाजींकडे पाहत राहिले, फूल ठेवलं आणि बाजूला झाले. कुणीतरी बाई मागे म्हणाली, आणि हळू म्हणायचा प्रयत्नही केला नाही, “मोबाईलात तं मस्त रडते. सख्ख्या आज्यासाठी नाही रडली पोट्टी.”

दादा बाहेर तिरडी बांधत होता. तो आत आला तेव्हा त्याने ते पाहिलं. एका मुलाच्या हातातला फोन त्याने हिसकून घेतला. मुलगा माझ्याच वयाचा असेल, बाजूच्या गावचा. तो घाबरला नाही. चकित झाला. म्हणाला, “दादा, मी तुमचा फॅन आहो. पहिल्यापासून पाहतो मी तुमाले. तुम्हीच तं टाकता ना घरचं सारं?” दादाने त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं तो मारणार. त्याने फोन परत त्या मुलाच्या हातात ठेवला आणि तिरडीकडे निघून गेला.

तोही व्हिडिओ फिरला. खाली लोकांनी लिहिलं की पाहा, सगळं नाटक होतं, मुलीचं रडणं पण नाटक आणि आईचं पण. आबाजींच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर दादाने चॅनलवरचं सगळं काढून टाकलं. कुणी सांगितलं नव्हतं. तो दिवसभर ते एकेक करून काढत बसला. आई बाजूला गहू निवडत होती, तिने विचारलं, “कोंबडीचा बी काढला का?” तो म्हणाला, हाव. ती म्हणाली, “बरं केलं,” आणि पुढचा दाणा निवडला. आवाज अर्थातच गेला नाही. तो आणखी बरेच दिवस परक्यांच्या फोनात वाजत राहिला आणि मग लोकांना दुसरा कुठला तरी आवाज मिळाला. जग आम्हाला विसरलं. दादा त्या विसरण्याने खचला आणि मी इतके दिवस आठवलं जाण्याने खचले होते. एकाच घरातल्या दोघांना एकच गोष्ट अशी दोन बाजूंनी लागली.

दहावी मी कशीबशी पास झाले. अकरावीला नाव घातलं नाही. वर्षभर घरी राहिले, आईसोबत मजुरीला गेले. रोवण्यात सगळ्या बायका वाकलेल्या असतात, चेहरा खाली चिखलाकडे, हात पऱ्ह्यांनी, म्हणजे धानाच्या रोपांनी, भरलेले. फोन प्लास्टिकच्या पन्नीत बांधून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पडलेले. कुणी कुणाचं तोंड पाहत नाही आणि बोलणं मात्र अखंड चालू असतं. तिथे मी पुन्हा बोलायला लागले. आधी एकेक शब्द, मग गोष्टी. बाजूच्या बाईने एकदा विचारलं, “शाळा काहून सोडली वो, एवढी मस्त बोलते तं?” मी सांगितलं. तिने ऐकलं, पऱ्ह्यांची पुढची मूठ सोडवली आणि म्हणाली, “मंग दुसऱ्या गावची शाळा पाह्य ना. तिथं कोण ओळखते?” इतकं साधं होतं ते. आमच्या घरातल्या कुणालाच सुचलं नव्हतं, कारण आम्हाला वाटत होतं की आता सगळीकडेच आम्हाला ओळखतात. पुढच्या वर्षी मी भंडाऱ्याला मावशीकडे राहून शिकले, मग लॅब टेक्निशियनचा कोर्स केला. आता मी एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. लेकरं रडतात, कधी मोठी माणसंही रडतात. आई किंवा बापाने कौतुकाने फोन वर केला तर मी सुई खाली ठेवते आणि तो आत ठेवायला सांगते. बहुतेक लोक ऐकतात. काही रागावतात. त्यांना मी कारण सांगत बसत नाही.

रडू मात्र परत यायला फार वर्षं लागली. त्यात मोठं असं काही घडलं नाही. एकदा मावशीकडे कांदा चिरताना सुरू झालं आणि कांदा संपल्यावरही थांबलं नाही. त्यात आवाज नव्हता. अजूनही नसतो.

आई आता बोलते, पण बोलण्याआधी समोरच्याच्या हाताकडे पाहते. तिला ते ठाऊक नाही, मी तिला सांगितलेलंही नाही.

दादा लाखनीला असतो. हायवेवर ट्रकच्या टायरांचं दुकान आहे, तिथे तो काम पाहतो. त्याच्याकडे बटणांचा फोन आहे. मागच्या हिवाळ्यात मी नागझिऱ्याकडून परतताना त्याच्याकडे उतरले. दुकानासमोरच्या टपरीवर आम्ही उभ्यानेच चहा घेतला. ट्रक जात होते, धूळ उडत होती, दोघांनाही ओरडूनच बोलावं लागत होतं. एका ट्रकनंतर जराशी शांतता झाली तेव्हा तो कपाकडे पाहत म्हणाला, “पनू, एक विचारू का? तुले राग येते का माह्या?”

इतक्या वर्षांत त्याने हे विचारलं नव्हतं. मी आधी नाही म्हणायला तोंड उघडलं. मग म्हटलं, “येते.”

“आत्ता बी?”

“आत्ता बी. कधी कधी. तुह्याजवळ नसली की जास्त.”

त्याने मान हलवली. काही समजावलं नाही, माफी मागितली नाही, माझ्या खांद्यावर हातही ठेवला नाही. दुकानातून कुणीतरी त्याला हाक मारत होतं. तो म्हणाला, “येऊ दे मंग. पण येत जा इकडे.” मी म्हटलं, येतो. त्याने दोघांच्या चहाचे पैसे दिले आणि रस्ता ओलांडताना माझ्यासाठी येणारा ट्रक हात दाखवून थांबवला.